दोन नंबरचा रिमोट

अविभाऊ, तुह्या तेरवीच्या पंगतीत लोकायनं बुंदी खाता खाता तुह्या गेमले शिव्या देल्ल्या. तुहे मामा, जे रिटायर झाल्यापासून दुसऱ्याच्या पोट्ट्यायनं काय कराले पाह्यजे होतं याच एका विषयावर बोलतात, ते वरणात पोळी चुरत म्हणे, "बसून बसून गेला. तहसीलातल्या बाबूचं पोरगं, परीक्षा द्याची सोडून गेम खेळत बसलं. त्या डब्ब्यानं खाल्लं त्याले." बाजूचे दोघं-तिघं माना हलवत होते. एकानं तं वांग्याची भाजी अजून मागितली अन् मग मान हलवली.

भाजीची बादली माह्याच हातात होती. एक वेळ वाटलं, मामाच्या ताटात पालथी करावी. केली नाही. तुह्या आईकडं पाहून केली नाही. पण तेव्हा जे बोलाचं राह्यलं ते आज बोलते. ऐक चूपचाप. आता तुले मधे तोंड घालता येत नाही, ही एक सोय झाली. जिवंत होता तोवर तू कोणाले एक वाक्य पूर्ण करू देल्लं नाही.

पंगतीत एका बाईनं तुह्या वहिनीले विचारलं, "हे वाढून राह्यली ते कोण?" वहिनी जरा अडखळली अन् म्हणे, "वनिता मॅडम. घाटंजीले शाळेत शिकवतात. दुकानात येत होत्या." दुकानात येत होत्या. वीस वर्षं अन् तीन शब्द. मी बायको नाही, बहीण नाही, गल्लीतली नाही, जातीतली नाही, मग तिनं बिचारीनं अजून काय म्हणावं? मी बी मान डोलावली अन् पुढच्या ताटात भाजी वाढली.

येत होती, हे मात्र खरं. अकरावीले होती मी. कॉलेज एकले सुटे अन् तांड्याची बस साडेचारले. मधला सगळा वेळ नेरच्या बसस्टँडवर काढाचा, अन् तिथं तांड्यातल्या पोरीले जो तो येऊन सांगे, सरक. पोतं ठेवाचं आहे, सरक. आजी बसते, सरक. समोर तुहं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. चार टीव्ही अन् एक कूलर. मी कूलरसाठी आत आली. खोटं कायले बोलू?

तू म्हटलं, "उभी काहून आहे वं? बस." मी म्हटलं, मले येत नाही. तू म्हणे, "मग तं बसच."

बाकी साऱ्या गावात जो जितते तो खेळत राह्यते अन् हरला तो लाइनीत मागं जाते. तुह्या दुकानात उलटं होतं. जितला तो उठते, हरला तो बसते. ज्याले येते त्याले खेळाची काय गरज, ज्याले येत नाही त्यानं शिकलं पाह्यजे, असं तुहं म्हणणं. पोट्टे वैतागत, पण दुकान तुहं होतं. मी नऊ दिवस हरली. रोज हरली, हर डाव हरली, अन् माह्या मागं पंधरा-वीस पोट्टे ताटकळत उभे असत, पण मले 'सरक' म्हणाची कोणाची माय व्याली नव्हती. नेरच्या भर चौकात माही एक खुर्ची होती. माह्या याडीले, म्हणजे आईले, वाटे पोरगी लायब्ररीत बसते. दहाव्या दिवशी मी जितली अन् तू म्हटलं, "आता ऊठ." इतका राग आलता मले तुहा. जितून बी रडत रडत बस पकडली.

चारपैकी कोपऱ्यातल्या टीव्हीवरच्या त्या गेमचं नाव 'ड्राय रिव्हर'. कोणाले माहीत असाचं कारण नाही. कोरड्या नदीच्या पात्रात दोन माणसं लढतात, बस इतकंच. हातातून आग निघत नाही, कोणी हवेत उडत नाही. आठच लढवय्ये, त्यातला एक खाटीक अन् एक म्हातारी नावाडीण, हातात वल्हं घेतलेली. जिवाच्या पट्टीखाली अजून एक पांढरी पट्टी असे, तिले आपण दम म्हणत होतो. हर ठोशाले दम लागे. दम संपला की तो धट्टाकट्टा माणूस गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत उभा, मग पोरानं बी येऊन ठोकावं. बाकीच्या गेममधे बटणं बडवली की तीस-तीस ठोसे आपोआप पडतात. यात एक ठोसा माराचा तं आधी विचार करा लागे, हा लागला नाही तं पुढचा माराले जीव उरतो का.

मी नावाडीण घेतली अन् कधी सोडली नाही. तू खुर्चीच्या मागं उभा राहून सांगत होता, "हे मारत नाही वं, हे समोरच्याले दमवते. तू मांगं सर. अजून सर. त्याले वाटू दे का तू भेली." मी मांगं सरे, समोरचा धावत येऊन तीन ठोसे हवेत मारे अन् वाकून धापा टाके. मग वल्ह्याचा एकच तडाखा. आजही कोणी शाळेत माह्यावर चढून बोलाले लागलं की मी आधी त्याले दमू देते. हे मले बीएडनं नाही शिकवलं.

अन् खेळाले दोन रिमोट होते, दोघायच्या हातात एक-एक; त्यातल्या दोन नंबरच्या रिमोटचं ब्लॉकचं बटण मेलेलं होतं. ब्लॉक म्हणजे समोरच्याचा मार अडवाचं बटण. मी आली त्याच्या आधीपासूनच ते मेलेलं. तुहा त्यावर ठराव होता: एकाले ब्लॉक नाही तं दोघायले नाही. एक नंबरच्या रिमोटवर ते बटण चालत होतं, पण त्याले हात लावला की तू टीव्हीच बंद करत होता. आम्ही म्हणत होतो, भाऊ, नवीन रिमोट आणा ना. तू म्हणे, नागपूरले गेलो की आणतो. तू दर दोन महिन्यानं नागपूरले जात होता अन् रिमोट काही येत नव्हता. कंजूष म्हणत होतो आम्ही तुले. तोंडावर म्हणत होतो. तू हसत होता.

तं असा हा गेम आम्ही शिकलो. ब्लॉक नाही, म्हणून अंतर शिकलो. कुठं उभं राहाचं, कधी अर्धं पाऊल मांगं घ्याचं, समोरच्याचा दम किती उरला ते पट्टी न पाहता त्याच्या खांद्यावरून कसं ओळखाचं. नेरचे पोट्टे डोळ्यानं खेळत. बाहेरगावचं कोणी आलं तं बटणं बडवून बडवून दोन मिनिटात धापा टाके, अन् मग आमच्या नेमाप्रमाणं त्यालेच बसा लागे, बिचारा.

मग मोबाइल आले अन् चार टीव्हीचा एक टीव्ही झाला. बाकी जागेत तू झेरॉक्सचं मशीन लावलं, ऑनलाइन फॉर्म भरून देऊ लागला. मी शिकली, लागली, लग्न झालं, घाटंजीले गेली. तू लग्न केलं नाही, त्यावरून बी मामाची भाषणं झाली. कोपऱ्यात तो एक टीव्ही मात्र राह्यला, अन् फॉर्म भराले आलेले पोट्टे सर्व्हर डाऊन असला की त्याच्यापुढं बसू लागले. आपला सर्व्हर कधी डाऊन नसते, असं तू म्हणत होता.

आता त्या माणसाकडं येते. त्याचं नाव घेत नाही, फुकटची प्रसिद्धी कायले द्या. शहरातला, गेमवर व्हिडिओ बनवणारा, लाखांनी पाहणारे. आपला गेम, गेम खेळाच्या नवीन मशीनसाठी परत निघाला, तेव्हा यानं 'सगळ्यात भिकार फायटिंग गेम' अशी यादी केली अन् त्यात आपला गेम घातला. म्हणे, "या गेममधल्या लोकांना दमा आहे." म्हणे, "एक ठोसा मारायचा आणि ब्लॉक दाबून चहा पीत बसायचं. वेळ संपली की तुम्ही जिंकलात. हे बनवणाऱ्यांनी स्वतः खेळून तरी पाहिलं का?"

तू त्याच्याखाली चाळीस ओळी लिहिल्या. मी वाचल्या आहेत. चांगल्या होत्या. दमाची पट्टी कशी मोजावी, नावाडीण कमजोर काहून वाटते अन् काहून नाही, सगळं पायरीनं. अन् त्या नालायकानं पुढच्या व्हिडिओत त्या चाळीस ओळी नाकातून आवाज काढून वाचल्या. 'मले', 'तुले', 'कायले', एकेका शब्दावर थांबून, मांगं हसण्याचा आवाज लावून. तुही एक गोष्ट खोडून काढता आली नाही त्याले. म्हणून त्यानं तुही बोली काढली. माह्या वर्गात असता तं बाकावर उभा केला असता.

तुले राग आला नाही. तू खाली लिहिलं, 'येजा नेरले, चहा पाजतो अन् हरवतो.' त्यावर बी लोक हसले.

मले मात्र राग आला, अन् तो अजून गेला नाही. स्लो आहे म्हणतात. स्लो म्हणजे काय रे बाबांनो? माही याडी सांगे, कापूस वेचणीले आलेली नवी बाई सकाळी धावत वेचते अन् दुपारी बांधावर पाय पसरून बसते. जुनी बाई दिवसभर एकाच चालीनं चालते अन् संध्याकाळी तिचंच गाठोडं भारी. ते बी स्लोच दिसते लांबून. आठच लढवय्ये म्हणतात. तुम्हाले एकाचा तं दम ओळखता येत नाही, साठ घेऊन काय लोणचं घालता? स्टोरी नाही म्हणतात. नऊ दिवस हरून पाहा, मग सांगते स्टोरी. दोन तास खेळाचं, तिसऱ्या तासाले व्हिडिओ टाकाचा, अन् याले म्हणाचं परीक्षण. आमच्या शाळेत असं पेपर तपासणाऱ्याले नोटीस भेटते.

पण एक गोष्ट होती, अन् ती माह्याच घरात निघाली.

तू ते नवीन मशीन घेतलं, तुह्यामागून मी बी घेतलं. माह्या नवऱ्यानं जन्मात गेम खेळला नव्हता. एका रविवारी म्हणे, "दे बरं, पाहू तुहा तो नेरचा गेम." दुसरा रिमोट देल्ला. त्यानं मले धडपडत एक ठोसा लावला, चुकून. मग विचारलं, "हे कायचं बटण आहे?" अन् दाबून धरलं. मी मांगं सरली, पुढं आली, वल्हं मारलं, काहीच नाही. तो ब्लॉक दाबून बसला, अन् ब्लॉकले दम लागत नाही, अविभाऊ. काहीच लागत नाही. वेळ संपली, माहा जीव त्या एका ठोशानं कमी, अन् तो जितला. पुन्हा खेळलो, पुन्हा तेच. पाचव्या डावाले त्यानं एका हातात बिस्कीट घेतलतं.

मी तुले त्याच दिवशी फोन केला. म्हटलं, अविभाऊ, तो माणूस खरं बोलून राह्यला. ब्लॉक चालू असला तं हा गेम भिकार आहे. आपला रिमोट खराब होता म्हणून आपल्याले चांगला वाटला.

तू म्हणे, "तुह्या नवऱ्याले म्हण, नेरले ये." अन् हसला. मले वाटलं तुले समजलंच नाही.

मग त्या माणसानं तुहं आमंत्रण धरलं. नेरले येऊन नाही, ऑनलाइन. गंमत म्हणून व्हिडिओ करतो म्हणे, रविवारी दुपारी. तू पोट्ट्यायले सांगितलं, सतीशभाऊले, म्हणजे तुह्या मोठ्या भावाले, सांगितलं, अन् मले सांगितलं. मी घाटंजीहून सकाळच्या बसनं निघाली. डब्यात शंकरपाळे घेतलते, जितल्यावर खाऊ म्हणून. पाह्य, किती येडी मी.

खेळ सुरू व्हाच्या आधी मी तुले बाजूले घेतलं. म्हटलं, तुह्या हातात नवीन मशीनचा रिमोट आहे. त्याचं ब्लॉक चांगलं आहे. दाबजो. तो तेच करणार आहे. आज दाब, उद्यापासून आपला नेम आपल्यापाशी. तू म्हणे, "नाही."

दहा डाव हरला तू. तू नावाडीण घेतलती, माहीच. पहिल्या डावात तू त्याले असं नाचवलं, तीनदा त्याले धापा लागल्या, पोट्टे ओरडले. मग त्याचा एक ठोसा लागला, त्यानं ब्लॉक दाबला अन् संपलं. मग पुढचे नऊच्या नऊ तसेच. तो कोपऱ्यातल्या चौकोनात जांभई देऊन दाखवत होता. तू अंगठा त्या बटणापासून बोटभर लांब ठेवून बसलता, मी पाहत होती. दहावा संपल्यावर तो म्हणे, "चला, मला कंटाळा आला," अन् गेला. तू रिकाम्या पडद्याले विचारलं, "अजून एक?"

मग मी बोलली. सगळ्यायसमोर बोलली. म्हटलं, तू बेवकूफ आहे. म्हटलं, तू एकटा नाही हरला, तू आमचे वीस वर्षं हरवले. आम्ही दुसराच गेम खेळत होतो, मोडक्या बटणाचा, अन् तू त्याले जगातला भारी गेम म्हणून साऱ्या जगापुढं हसं करून घेतलं. ते लोक खरे अन् तू खोटा.

तू रिमोटची वायर गुंडाळत होता. वर न पाहता म्हणे, "वनिता, तुही बस जाईन."

बस. हेच तुहं माह्यासंग शेवटचं बोलणं. बसची वेळ. मी शंकरपाळ्याचा डबा तसाच घेऊन गेली. एकोणीस दिवस मी तुले फोन केला नाही. तू बी केला नाही. मी तुह्या फोनची वाट पाहत होती, अन् तू बहुतेक माहा राग उतराची. विसाव्या दिवशी सतीशभाऊचा फोन आला. सकाळी शटर वर करता करता तू खाली बसला, म्हणे. दवाखान्यात नेईपर्यंत झालतं सगळं.

तेरवीच्या पुढच्या रविवारी सतीशभाऊनं बोलावलं. दुकान खाली कराचं होतं. म्हणे, "मॅडम, तुमाले काही आठवण म्हणून पाह्यजे असंन तं घ्या. टीव्ही, मशीन, सगळं रफिकभाईले देऊन राह्यलो, त्याच्या दुकानात राहीन, पोट्टे तिथं खेळतीन." रफिकभाईचं मोबाइल रिपेरिंगचं दुकान तुह्या बाजूलेच. मी माहा नवीन रिमोट पिशवीत घालून आणलता. तो बी रफिकभाईले देऊन टाकाचा होता. मले पुन्हा खेळाचं नव्हतं. तुह्या गेमचं अन् माहं भांडण मिटलं नव्हतं अन् आता मिटणार बी नव्हतं, मग घरात कायले ठेवाचा?

सतीशभाऊ भला माणूस. तो रफिकभाईले म्हणे, "द्याच्या आधी तो दोन नंबरचा रिमोट नीट करून टाका. अविनाशनं इतके वर्ष केला नाही." रफिकभाईनं स्क्रू काढले, झाकण उघडलं. मग भिंग लावून पाह्यलं.

"मॅडम," तो म्हणे, "हे बटण खराब नाही."

मी म्हटलं, वीस वर्षं बंद आहे ते.

"बंद आहे. खराब नाही. खाली पट्टीवर तांब्याची रेघ असते, ती कापली आहे. ब्लेडनं. अन् वरून टेप लावली, दुसऱ्या रेघेले धक्का लागू नाही म्हणून. असं आपोआप होत नाही. कोणी तरी बसून, निगुतीनं केलं हे."

मी पाह्यलं. केसाएवढा काप. त्यावर पिवळी पडलेली टेप, चारी बाजूनं सरळ कापलेली. फॉर्मवर फोटो चिकटवताना तू जशी कड दाबत होता, तशीच कड.

रफिकभाईनं भिंग बाजूले ठेवलं. मग हळू आवाजात म्हणे, "माह्यामुळं केलं असंन. तुम्ही आल्या त्याच्या आधी मीच तो. एक ठोसा मारत होतो अन् ब्लॉक दाबून बसत होतो. रोज. कोणी खेळाले तयार नव्हतं माह्यासंग, त्या टीव्हीपुढं कोणी बसतच नव्हतं. एका सोमवारी अविभाऊ म्हणे, बटण मेलं. मी तं दोन दिवस रुसलतो. मग मले बी ठोसे मारा लागले." त्यानं चष्मा काढून पुसला. "तिथूनच मले खरं खेळता आलं, मॅडम."

तं तुले माहीत होतं.

तुले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घाटंजीहून मी फोन केला तेव्हा माहीत होतं. त्या माणसानं 'ब्लॉक दाबून चहा प्या' म्हटलं तेव्हा माहीत होतं. त्याच्या वीस वर्षं आधी, कोणी यादी करण्याच्या आधी, नेरच्या एका पोट्ट्यानं या गेममधली एकच सडकी गोष्ट ओळखली अन् दाढीच्या ब्लेडनं कापून फेकली. अन् सांगितलं कोणाले? कोणालेच नाही. उलट जनमभर त्या गेमचीच तारीफ केली. बनवणाऱ्याले श्रेय देल्लं. अरे, बनवणाऱ्याले तं समजलं बी नव्हतं आपण काय बनवलं ते!

काहून नाही सांगितलं, हे मी घाटंजीच्या बसमधे दोन खेपा करता करता शोधलं. खुर्ची तुही होती, तिचा नेम चालला; पण तू जर म्हटलं असतं, आजपासून ब्लॉक दाबाचा नाही, हा माहा नेम, तं त्याच दिवशी भांडण झालं असतं. बाबूचं पोरगं आम्हाले नेम शिकवते का, म्हणून रफिकभाईनंच पहिली खुर्ची फेकली असती. पण बटण मेलं म्हटलं अन् सगळे चूप. बसची खिडकी लागत नाही, बरं. हातपंपाले दहा वेळा हापसल्याशिवाय पाणी येत नाही, बरं. नळ दोन दिवसाआड, बरं. केलेला नेम आपण मोडतो, अन् मोडलेल्या वस्तूचं मुकाट्यानं ऐकतो. तुले हे आमच्या सगळ्यायपेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून तू नेम केला नाही, वस्तू मोडली. अन् कंजूष म्हणवून घेतलं.

हे सगळं समजलं म्हणून मी तुले माफ केलं असं समजू नको. पोट्ट्यायले नाही सांगितलं, ठीक. पण त्या चाळीस ओळीत एक ओळ लिहिता आली नाही? 'तुमचा गेम अपुरा होता, आम्ही पुरा केला.' बस इतकी? त्याची जांभई जागेवर बंद झाली असती. अन् मले? मी तुले सगळ्यायसमोर खोटा म्हटलं, अन् तू मले बसची वेळ सांगितली! "वनिता, ते बटण मी कापलं आहे," हे सहा शब्द होते. किती दम लागला असता तुहा? मी खाली बसली असती. मी शंकरपाळ्याचा डबा उघडला असता. आता मी ज्याले बेवकूफ म्हटलं तो माणूसच नाही, अन् तो शब्द घेऊन मी कुठं जाऊ, सांग.

अन् समीक्षकायले बी माहं सांगणं आहे. तुम्ही जे पाह्यलं ते बरोबर पाह्यलं. दुकानातून आणला तसा हा गेम भिकारच आहे. पण भिकार आहे म्हणून हसाले काही लागत नाही, माह्या नवऱ्यानं बिस्कीट खाता खाता पाह्यलं ते. त्या भिकार गेममधे एक रेघ सोडून बाकी सगळं सोनं आहे, हे पाहाले नेरले एक माणूस बसलता. तो बसून बसून गेला म्हणतात. गेला असंन. त्याच्या बसण्यानं मले एक खुर्ची भेटली, रफिकभाईले खेळ भेटला. मामाच्या उभं राहाण्यानं कोणाले काय भेटलं, ते मामानं सांगावं.

त्या रविवारी मात्र मी हे काहीच बोलली नाही. सतीशभाऊ म्हणे, "मग जोडून टाका रफिकभाई, दोन मिनिटाचं काम." रफिकभाईनं सोल्डरिंगची गन तापवाले लावली अन् माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, राहू द्या. झाकण लावा. पिशवीतून माहा नवीन रिमोट काढला, तुह्या नवीन मशीनचा घेतला, दोन्ही त्याच्यापुढं ठेवले.

"यायचं बी कापा."

"नवीन आहेत, मॅडम."

"कापा."

त्यानं ब्लेड घेतलं. काप सरळ जावा म्हणून त्यानं दोनदा थांबून रेघ पाह्यली. टेप मी लावली. तुह्यासारखी सरळ नाही जमली.

झाकण लावता लावता रफिकभाईनं विचारलं, "आता पोट्टे येतीन. ब्लॉक काहून चालत नाही विचारतीन. काय सांगू? खराब आहे म्हणू?"

"नाही," मी म्हटलं. "खराब आहे म्हणाचं नाही. अविभाऊनं बंद केला, असं सांगाचं."